कर्ता माणूस कोण?

भाडं चौदा हजार, अनामत पन्नास हजार, करार अकरा महिन्यांचा. नारायण पेठेत जुना वाडा पाडून बांधलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरची जागा. एक हॉल, एक बेडरूम, स्वयंपाकघर. माझी नोकरी कायम, पगाराची पावती हातात, अनामतीचा चेक पिशवीत. घरमालकांनी सगळं नीट पाहिलं. आडनाव विचारलं. मग गाव विचारलं. मग स्वयंपाकात काय काय होतं ते विचारलं. रात्री किती वाजेपर्यंत परत येणार, घरी कोण कोण येणार, तेही विचारून झालं. आणि शेवटी चष्मा काढून म्हणाले, "ते सगळं ठीक आहे हो ताई, पण तुमच्याकडे कर्ता माणूस कोण?"

मी म्हटलं, "मीच."

ते हसले. रागावून नाही. लहान मुलाने 'मी मोठेपणी पंतप्रधान होणार' म्हटल्यावर आपण हसतो, तसे.

शेवटी करार झाला. माझ्या धाकट्या भावाच्या नावाने. भाऊ तेव्हा शिकत होता, वसतिगृहात राहत होता आणि त्याची फी मी भरत होते. तो एक दिवस कॉलेज बुडवून आला, त्याने सह्या केल्या, घरमालकांनी त्याला चहा दिला. कागदावर तो भाडेकरू आणि मी 'सोबत राहणारी बहीण'. मी समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण घेतलेली, गावोगाव बायकांना हक्क समजावून सांगणारी कार्यकर्ती. त्या कागदावर मी मुकाट्याने सही केली, कारण महिनाभर हिंडून पाय दुखले होते आणि जागा हवी होती.

मैत्रिणींनो, हे माझं रडगाणं नाही. मला जागा मिळाली. माझ्याकडे पगार होता, भाऊ होता, आणि पेठेत चालून जाईल असं आडनाव होतं. ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही त्यांच्याबद्दल लिहायचं आहे. आणि आपल्याबद्दलही. स्त्री चळवळीने हा प्रश्न कधी आपला मानलाच नाही, असं माझं म्हणणं आहे. ते मी मुद्दाम आपल्याच अंकात मांडते आहे.

"ताई, जाऊ कुठं?"

माझं काम पानशेत खोऱ्यात. आठवड्याचे काही दिवस तिकडे धरणाच्या काठावरच्या वाड्या-वस्त्यांवर, बाकीचे दिवस पुण्यात कोर्टात आणि सरकारी कचेऱ्यांत. पेठेत जागा हवी होती ती याचसाठी.

या खोऱ्यातल्या एका वाडीतली बाई माझ्याकडे आली होती. तिचं नाव लिहीत नाही. नवरा मारायचा, सासू जेवण बंद करायची. माहेर होतं, पण माहेरी दोन भावजया आणि दीड एकर खाचर. बाई हुशार होती. पुण्यात एका आजीबाईंना सांभाळण्याचं काम तिने स्वतः शोधलं होतं, रोज सकाळी आठ ते रात्री आठ. पगारात एक खोली परवडली असती. पानशेतहून रोज जाऊन-येऊन बारा तासांचं काम होत नाही, म्हणून शहरात खोली हवी होती. आम्ही दोघी मिळून शोधायला लागलो.

जिथे जाऊ तिथे दोनच प्रश्न. "मिस्टर कुठे असतात?" आणि "समाज कोणता?" पहिल्याचं खरं उत्तर दिलं की दार बंद. खोटं दिलं, तर "मग त्यांना घेऊन या." दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिल्यावर एका बाईंनी आम्हाला उंबऱ्याच्या बाहेरच उभं ठेवलं. जिच्या घरी ती काम करणार होती, त्या आजीबाईंच्याच इमारतीत तळमजल्यावर खोली रिकामी होती. तिथे उत्तर मिळालं, "कामाला येऊ दे की, राहायला कशाला?"

सहा आठवडे गेले. तोवर ती कधी मावशीकडे, कधी माझ्याकडे राहिली. माझ्या घरमालकांनी दोनदा हटकलं. शेवटी तिने विचारलं, "ताई, जाऊ कुठं?" आणि मी, कार्यकर्ती, काय म्हणाले? म्हणाले, "थोडे दिवस घरी जाऊन बघ. आपण शोधत राहू."

ती गेली. दोन महिन्यांनी भेटली तेव्हा तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. कामाची जागाही गेली होती.

त्या हाताचा हिशेब मी बरेच दिवस मांडते आहे. मारणारा नवरा, त्याचा गुन्हा उघड आहे. पण ज्या आठ-दहा घरमालकांनी 'आमच्याकडे बाईमाणसाला देत नाही' म्हणून दार लावलं, ते कोण? त्यांनी तिच्यावर हात उगारला नाही. त्यांनी फक्त तिला मारणाऱ्याच्या घरी परत जाण्याखेरीज दुसरी वाट ठेवली नाही. आणि त्यांच्यापाठोपाठ मीही तेच केलं.

पूर विसरलेलं शहर

पानशेत हे नाव पुण्याच्या पेठांनी तरी विसरू नये. १२ जुलै १९६१ रोजी आंबी नदीवरचं हे नवं मातीचं धरण फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटलं आणि नारायण, शनिवार, कसबा या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. वाडे कोसळले. हजारो कुटुंबं एका दिवसात बेघर झाली. शाळांच्या वर्गांत, ओळखीच्यांच्या पडव्यांत लोकांनी रात्री काढल्या. पुढे गोखलेनगर, सहकारनगर अशा भागांत पूरग्रस्तांच्या वसाहती झाल्या.

म्हणजे आज ज्या पेठांत 'एकट्या बाईला जागा नाही' अशी रीत आहे, त्याच पेठांतल्या कित्येक घरांच्या आज्या आणि पणज्या एके काळी डोक्यावर छप्पर मागत फिरल्या आहेत. त्या वेळी त्यांना कुणी विचारलं नाही, की कर्ता माणूस कोण, तुम्ही मटण खाता का. पूर आला म्हणजे माणसाला छप्पर लागतं हे सगळ्यांना कळतं. बाईच्या घरात रोज रात्री पूर येतो, तो मात्र कुणाला दिसत नाही.

आणि खोऱ्यातल्या बायकांचं काय? धरण पुन्हा बांधलं गेलं. काही कुटुंबं खोरं सोडून गेली, काही डोंगराच्या कडेला वर सरकली. त्यांची भाताची खाचरं ज्या पाण्याखाली आहेत, ते पाणी पुणं पितं. त्यांच्या लेकी-सुना पुण्यात आजाऱ्यांचं करतात, धुणीभांडी करतात, दुकानांतून उभ्या राहतात. शहराला खोऱ्यातलं पाणी चालतं, बाईचे हात चालतात. पण धरणातला मासा जिन्यात आणला की सोसायटीची मीटिंग बसते, आणि ती बाई मुक्कामाला राहते म्हटलं की इमारतीचं वातावरण बिघडतं!

पेठांचा दुसरा इतिहास

"आमची पेठ जुन्या वळणाची आहे," हे वाक्य आम्ही फार ऐकलं. जुनं वळण म्हणजे नेमकं कोणतं?

१८४८ साली बुधवार पेठेत भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, ती वाड्याच्या मालकाने जागा दिली म्हणून. १८४९ साली सावित्रीबाई आणि जोतीरावांना वडिलांचं घर सोडावं लागलं, तेव्हा गंज पेठेत उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला. ते दार त्या दिवशी बंद राहिलं असतं तर? आपण सावित्रीबाईंची शाळा आठवतो. त्या शाळेमागे उघडलेलं एक दार होतं, ते आठवत नाही. पुढे १८६३ साली याच फुले दांपत्याने आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि फसवल्या गेलेल्या विधवांना बाळंतपणासाठी आडोसा दिला. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८८९ साली मुंबईत सुरू झालं आणि १८९० साली पुण्यात आलं. कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० साली तो शहराबाहेर हिंगण्याला नेला.

हे सगळं काय आहे? बायकांच्या छपराचा इतिहास आहे. शिक्षण, पुनर्विवाह, नोकरी हे सगळं पुढचं. आधी रात्री दार लावून निजायला जागा. आपल्या आधीच्या पिढ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून घरमालक जेव्हा 'जुन्या वळणा'ची गोष्ट करतात, तेव्हा त्यांना सांगू या की जुनी वळणं दोन होती. एक दार लावणाऱ्यांचं, एक दार उघडणाऱ्यांचं. पुण्याने पुतळे दुसऱ्यांचे उभारले आणि घरात पाळलं पहिल्यांचं.

आणि हे वळण एकट्या बाईपुरतं कधीच नव्हतं. १९१७ साली परदेशातून शिकून आलेल्या डॉ. आंबेडकरांना बडोद्याच्या नोकरीत राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत कशीबशी जागा मिळाली, तिथूनही त्यांना बाहेर काढलं गेलं. पदव्या होत्या, पगार होता, जागा नव्हती. आज दलित, मुसलमान, कातकरी बाई जागा शोधते तेव्हा तिला जात, धर्म आणि बाईपण अशा तीन कुलपांशी एकदम झुंजावं लागतं. 'समाज कोणता?' हा प्रश्न आणि 'मिस्टर कुठे?' हा प्रश्न एकाच तोंडातून निघतात, ते काही योगायोगाने नाही. बाई कुणाच्या ताब्यात आहे हे कळल्याशिवाय जातीची शिवण शाबूत राहत नाही.

आपण कुठे होतो?

आता आपल्याकडे वळते. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमात बायकांच्या नावावर जमिनी झाल्या. १९९४ साली महाराष्ट्राचं महिला धोरण आलं. त्याच वर्षी राज्यात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क देणारी दुरुस्ती झाली आणि २००५ साली तो हक्क देशभर मिळाला. सातबारा, घराचा उतारा, रेशनकार्ड, प्रत्येक कागदावर बाईचं नाव यावं म्हणून आपण मोर्चे काढले. भाडेकराराचा कागद मात्र आपल्या यादीत कधी आला नाही.

का नाही आला? मला वाटतं, भाड्याची जागा म्हणजे शहरातल्या नोकरदार मुलींची कुरकुर, असं आपण धरून चाललो. पण ज्या बाईच्या बापाकडे जमीन नाही आणि नवऱ्याकडे घर नाही, तिने मिळकतीच्या हक्काचं करायचं काय? तिच्या आवाक्यात विकतचं घर या जन्मी येणार नाही. तिच्यासाठी 'घराचा हक्क' याचा एकच अर्थ आहे. भाड्याची खोली, स्वतःच्या नावाने.

कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा घ्या. त्यासाठी आपण किती झगडलो! त्याच्या कलम १९ मध्ये लिहिलं आहे की न्यायालय नवऱ्याला आदेश देऊ शकतं, बाईला तशाच दर्जाची दुसरी जागा दे, नाहीतर तिचं भाडं भर. उत्तम तरतूद आहे. पण भाडं हातात येऊनही घर मिळालं नाही तर? आदेशाचा कागद घरमालकाला दाखवला, तर तो म्हणतो, "कोर्टाची भानगड आमच्याकडे नको." कायद्याने दिलेलं छप्पर असं जिन्यातच अडतं.

जुन्या वाड्यांतली गोष्ट आणखी वेगळी. तिथे भाडेपावती सासऱ्याच्या नावाची, मग नवऱ्याच्या. चाळीस वर्षं त्या दोन खोल्यांत जिने चूल पेटवली, तिचं नाव कुठेच नाही. भाडेकरू वारल्यावर त्याच्यासोबत राहणाऱ्या घरच्या माणसांकडे भाडेहक्क जातो, असं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ सांगतो. पण वाडा पाडायला निघाला की बिल्डर कागद घेऊन मुलाकडे जातो. आई म्हणते, "माझं काय, तोच बघतो सगळं." तो बघतो, आणि नव्या फ्लॅटच्या करारावर आईचं नाव नसतं.

घरमालकांची बाजू

घरमालक म्हणतात, भाडेकरू जागा बळकावतात. १९४७ च्या जुन्या भाडे कायद्याच्या काळात त्या भीतीत काही तथ्य होतं. आज लिव्ह अँड लायसन्सच्या करारात मुदत संपली आणि जागा सोडली नाही, तर १९९९ च्या कायद्याने घरमालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मिळवता येतो, आणि तोवर दुप्पट दराने भरपाई मागता येते. कायदा घरमालकाच्या बाजूला भक्कम उभा आहे. तरी भीती आहेच. म्हणजे भीती जागा जाण्याची नाही. बाई कुणाच्याही धाकाशिवाय राहते, याचीच ती आहे.

दुसरं म्हणतात, "काही बरंवाईट झालं तर जबाबदारी कोणाची?" काका, तुमची नाही. आम्ही तुम्हाला पालक नेमलेलं नाही. भाडं द्यायचं आणि जागा वापरायची, एवढा हा व्यवहार आहे. पुरुष भाडेकरूच्या चारित्र्याचा दाखला तुम्ही मागत नाही. तो दारू पिऊन बायकोला मारतो तेव्हा 'त्यांचं घरगुती आहे' म्हणून तुम्ही दार लावून घेता. मग आमचीच काळजी एवढी कुठून दाटून येते?

तिसरं म्हणतात, "सोसायटी परवानगी देत नाही." गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाने जागा भाड्याने देताना सोसायटीला कळवायचं असतं. भाडेकरू अविवाहित आहे की घटस्फोटित, हे ठरवायला कमिटी बसवलेली नसते.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे लिहायला हवी. पेठांत पुष्कळदा घरमालक एखादी एकटी म्हातारी बाईच असते. मुलं परदेशात, हाताशी एक रिकामी खोली, तिच्या भाड्यावर औषधपाणी. तीही घाबरलेली असते, लोकांच्या बोलण्याला आणि मुलाच्या फोनला. तिच्याशी आपलं भांडण नाही. तिच्याकडे तर आधी जायला हवं. दोन एकट्या बायका एका जिन्याने जोडल्या गेल्या तर दोघींचं भलं आहे, हे तिला समजावणारं कुणीतरी हवं. ते काम आपलं.

मग करायचं काय?

एक, कायदा. संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव सगळ्यांना खुले आहेत. खासगी भाड्याच्या घराचा तिथे उल्लेख नाही. पण असा कायदा होऊच शकत नाही, असं कुणी सांगू नये. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुठल्याही वस्तीत राहायला अटकाव करणं हा नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ नुसार गुन्हा आहे. एचआयव्हीबाधितांना घर भाड्याने देताना भेदभाव करायला २०१७ च्या कायद्याने बंदी केली. तृतीयपंथी व्यक्तींच्या बाबतीत तीच बंदी २०१९ च्या कायद्याने घातली. वाट पडलेली आहे. केंद्राने २०२१ साली आदर्श भाडेकरू कायद्याला मान्यता दिली, त्यात दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त अनामत घेऊ नये असं सुचवलं. पण घर नाकारण्यातल्या भेदभावावर त्यात अवाक्षर नाही. आपली मागणी सरळ आहे. लिंग, वैवाहिक स्थिती, जात आणि धर्म यांवरून भाड्याचं घर नाकारता येणार नाही, असं कलम महाराष्ट्राच्या भाडे कायद्यात घाला.

दोन, कागद. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदवलेला असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंद केली नाही तर तो गुन्हा आहे. नोंद नसलेल्या कराराच्या अटींवरून वाद झाला, तर घरमालकाने उलट सिद्ध करेपर्यंत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. भाडं दिलं की पावती मागा, रोख देत असाल तर जरूर मागा. हे प्रत्येक शिबिरात शिकवा. आणि करारावर नाव बाईचं, पहिलं आणि ठळक. भाऊ, मामा, सर, कुणी 'कर्ता' म्हणून उभा करायचा नाही.

तीन, आपलं काम. पुण्यात इतक्या संघटना आहेत. प्रत्येकीने आपल्या भागातल्या दहा घरमालकांशी बोलायचं ठरवलं तर एक यादी तयार होते. संकटातून आलेल्या बाईच्या अनामतीसाठी छोटा फिरता निधी ठेवता येतो. साक्षीदार म्हणून, हमी म्हणून संघटनेने उभं राहावं. हिंसाचाराच्या अर्जात भाड्याची मागणी वकिलांकडून आठवणीने लिहून घ्यावी. यात क्रांतिकारक काही नाही. फक्त हे कुणी करत नाही.

आणि आपल्यापैकी ज्यांच्या नावावर जागा आहेत त्यांनाही विचारते. तुमची रिकामी खोली तुम्ही कुणाला दिलीत? शेवटच्या भाडेकरूला तुम्ही काय काय विचारलंत?

माझ्या कराराची मुदत पुढच्या महिन्यात संपते आहे. या वेळी भावाला बोलावणार नाही, असं मी घरमालकांना सांगितलं आहे. नवा करार माझ्या एकटीच्या नावाने होईल, नाहीतर होणार नाही. जागा सोडावी लागली तर सोडेन आणि पुन्हा जिने चढेन. त्या वेळी एकटी नसेन. पानशेतहून ती बाईही येणार आहे. तिचा हात आता बरा आहे, आणि तिला अजून खोली हवी आहे. आमच्याबरोबर यायला कोण कोण तयार आहे, तेवढं कळवा.